माशांचं पाणी

मोठा फिल्टर बसवला की माशांच्या टाकीतलं पाणी दर रविवारी बदलावं लागणार नव्हतं. पियुष मोबाइलवर ऑर्डर देणार, तेवढ्यात तळमजल्यावरच्या मुक्ताई दारात आल्या. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्यात मेथीची जुडी.

"मावशी, फिल्टर बसवतोय. आता घाण पाणी निघणार नाही."

"बरं झालं, तुमची दगदग वाचली. इतके दिस पाणी दिलंत, लई उपकार झाले. त्याच्यावर कुंडीतली मेथी शेतातल्यावानी यायची."

"शेत होतं तुमचं? कुठं?"

"हितंच की. तुमच्या पायाखाली हाय."

पियुषने नकळत पायांतल्या सपाता काढल्या.

"बादली द्या, मावशी. फिल्टर राहू दे."