नवं सारुंग

"दोन दिवसांचा तर प्रवास, बाबा. एवढं बोचकं कशाला?"

दमारिसने गाठोडं सोडलं. वर बापाचे दोन सदरे. खाली बायकी नेसणीचं कोरं सारुंग, काळं पोलकं, मण्यांची माळ. त्याच्याही खाली सुपारी, विड्याची पानं, चुन्याची डबी.

"माझं नाही ते," तांदी म्हणाला. "तिचं आहे."

ती म्हणजे त्याची आई. ती गेल्यावर फणसाच्या लाकडात तिचा पुतळा कोरला होता आणि कड्यावरच्या सज्ज्यात, गावातल्या इतर मेलेल्यांच्या रांगेत बसवला होता. अधूनमधून खाली उतरवून घरचे तिला नवे कपडे नेसवत. दमारिसच्या जन्माआधी एका पावसाळ्यात पुतळा चोरीला गेला. आणि आता इतक्या वर्षांनी, मकास्सर शहरातल्या एका संग्रहालयात शाळेची मुलं घेऊन गेलेल्या दमारिसला काचेमागे, घरी ऐकलं होतं तशीच, डावा कान तुटलेली लाकडी म्हातारी दिसली होती. खाली त्यांच्याच जमातीचं नाव लिहिलेली पाटी होती : 'टोराजा स्त्री. अनाम.' तिने फोटो पाठवला. तांदीने तो गावभर फिरवला.

म्हणून ती त्याला न्यायला आली होती. पहिल्या दिवशी संग्रहालय, दुसऱ्या दिवशी बंदरावर ताजी मासळी, मग परतीची बस.

"मासळी तू खा," तांदी म्हणाला. "मी दोन्ही दिवस तिच्यापाशी बसेन."

"ती मूर्ती काचेत आहे. हात लावू देत नाहीत."

"मग काच उघडायला सांगू."

"अशी कुणासाठी उघडत नाहीत हो."

"मुलगा आहे म्हणून सांगेन."

"कुणाचा मुलगा? लाकूड आहे ते, बाबा!"

चुलीपाशी बसलेली रोंबे आत्या हसली. "ऐक, दादा. हौसेनं शहरात शिकवलंस ना? भोग आता."

तांदीने सारुंगाची घडी पुन्हा नीट घातली, गाठोडं बांधायला घेतलं. गाठ आवळताना त्याने एकदम तळहात छातीवर दाबून धरला.

"काय होतंय?"

"काही नाही. तुझ्या आत्याची कॉफी. विषासारखी कडक करते."

"त्याला काय धाड भरलीय?" आत्या घाईघाईने म्हणाली. "रेड्यासारखा ठणठणीत आहे." आणि बांबूत शिजवलेलं डुकराचं मटण वाटेसाठी पानात बांधू लागली.

"बसभर वास सुटेल, आत्या."

"सुटू दे," तांदी म्हणाला. "लोकांना भूक लागेल. गप्पा होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळची बस त्यांना न घेताच गेली. तांदी उठलाच नाही.

त्याला आंघोळ घातली. दवाखान्यातल्या माणसाने शरीर टिकण्यासाठी इंजेक्शनं दिली. प्रवासासाठी काढलेला सदरा अंगात चढवून दक्षिणेच्या खोलीत निजवलं. अंत्यविधी पुढच्या सुगीनंतर. रेडे जमवायचे होते, पापुआतला काका यायचा होता. तोवर तांदी आजारी. विधी होईपर्यंत या डोंगरात कुणी मेलेलं नसतं. दमारिसला ते नवं नव्हतं. आई अशीच आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून ती पाढे पाठ करायची.

शेजारी येत होते. "कसं वाटतंय आता, तांदी?" म्हणत उशाशी सिगारेटची पाकिटं ठेवत होते. आत्याने कॉफीचा कप नेऊन ठेवला. पानातलं मटणही.

बाहेर ओट्यावर शेजारची म्हातारी दमारिसच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. "लावणीपासून छातीत कळा येत होत्या गं त्याच्या. वाकून बसायचा. म्हणायचा, पोरीला कळू देऊ नका, ती बसऐवजी दवाखान्यात नेईल. आईला भेटून आलो की मग सांगू."

दमारिसने आत्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"त्याने शपथ घातली होती."

"काल मी विचारलं. तुझ्यासमोर विचारलं."

"हळू बोल. आत आजारी माणूस आहे."

दमारिस उठली. कोपऱ्यातलं गाठोडं उचलून तिने खांद्याला लावलं.

"कुठे निघालीस?"

"मकास्सरला."

"आत्ता? घर भरलंय, लोक काय म्हणतील? बरं, जायचंच असेल तर त्याला सांगून जा." आत्याने तिचा दंड धरला. "आणि गोड बोल. त्याच्या जिवाला लागेल असं काही बोलू नकोस."

दमारिस आत गेली. तांदीचा सदरा गळ्यापर्यंत बंद केला होता. तशी बटणं तो कधी लावत नसे. कॉफी निवली होती. दार उघडंच होतं. ओट्यावरचं बोलणं थांबलं.

"बाबा, तुम्ही आजारी होतात तेव्हा अख्खं घर मला सांगत होतं, बरे आहेत. आता मेलात, तर अख्खं घर सांगतंय, आजारी आहेत."

"दमारिस!" बाहेरून आत्या ओरडली.

"मेलात तुम्ही." ती मोठ्याने म्हणाली, ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला फसवून मेलात. आणि मी निघालेय. काच उघडत नसतील तर दोन्ही दिवस तिच्यासमोर बसेन."

तिने वाकून त्याच्या गळ्याचं बटण काढलं. गाठोडं पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. आत्या दारात आली तरी हलली नाही.

"पण आजी विचारेल ना, एकटी कशी आलीस म्हणून. तिला काय सांगू? बोला ना, बाबा. आजीला काय सांगू मी?"