आक्षेप मान्य

पत्रा कापायच्या मशीननं वहिनींची तीन बोटं नेली, तेव्हापासून त्या गोदामात बसायच्या. पण पात्यापुढे जाळी लागेपर्यंत त्यांनी मालकाला स्वस्थ बसू दिलं नाही. आता त्या युनियनच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तर भर सभेत सख्ख्या दिरानंच आक्षेप घेतला. अध्यक्षाची खुर्ची त्याच्याच बुडाखाली होती. “वहिनी, नियम म्हणजे नियम. मशीनवर काम करणाराच उभा राहतो. तुम्ही आता गोदामवाल्या.” “भावजी, गोदामात मी काय हौसेनं गेले?” सभा हसली. दीर नाही. “आक्षेप मान्य असेल त्यांनी हात वर करा,” तो म्हणाला. वहिनींनी मशीनवरच्या बायकांकडे पाहिलं. बायकांनी दिराकडे, सोयीची शिफ्ट त्याच्याच शब्दावर मिळायची. हळूहळू सगळ्यांचे हात वर गेले. प्रत्येक हाताची पाचही बोटं शाबूत होती. “चला,” वहिनी उठत म्हणाल्या, “जाळी तरी नीट बसलीय.”