पाण्याची सूट

मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही, हा जुना नियम त्रेपन्न साली सुटला. फादरनी देवळात पोपचं तसं पत्र वाचून दाखवलं. लोक खूश झाले. काहींनी तर ही सूट पत्र येण्याआधीच घेतली होती. बाळकुमची नातालबाय तेवढी मागे थांबली.

"फादर, माझ्या घरापुरता जुनाच नियम राहू द्या."

फादर हसले. "अगो, देवाला दया आली, नि तू त्याच्यावर रुसतेस?"

"रुसत नाय, फादर. गेल्या साली पहिल्या कम्युनियनच्या पहाटे माझी लेक फिलू तापानं फणफणलेली. पाणी मागत होती. मी म्हटलं, देवाचा नियम हाय, मिस्सा होऊ दे. पोर गुणाची. मरेपर्यंत पुन्हा मागितलं नाय तिनं."