वांग्याच्या वावरात पडलेलं विमान

"मले काहीच दिसलं नाही," सुभद्राबाई म्हणाली आणि टोपलं उचलून दुसऱ्या सरीत गेली.

हिमानी तिच्या मागोमाग गेली. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या पथकात ती अधिकारी होती. वरवट बकाल गावातल्या या वांग्याच्या वावरात तिची ही तिसरी खेप. पंधरा दिवसांपूर्वी एक छोटं शिकाऊ विमान इंजिन बंद पडून खाली आलं, विजेच्या तारांत अडकलं आणि इथं आदळलं. थोड्या वेळानं पेटलं. आत एकटाच मुलगा होता. केरळचा, बावीस वर्षांचा.

तो आदळून मेला नव्हता, जळून मेला होता. दार उघडं सापडलं होतं. मग तो बाहेर का पडला नाही? वीज कंपनी म्हणत होती, तार तुटताक्षणी वीज आपोआप बंद झाली. त्या वेळी वावरात फक्त सुभद्राबाई होती; खरं काय ते सांगू शकणारी ती एकटीच.

सुभद्राबाईचे हात थांबत नव्हते. कोवळी, बोटभर वांगीसुद्धा ती तोडून टाकत होती. आजी जेवता जेवता ताटावरून उठते, दारापर्यंत जाते, परत येते, असं तिची नात रुपाली हिमानीला वाटेतच म्हणाली होती.

"आजी, तुमच्यावर कुणी आळ घेत नाही."

"घ्याले पाह्यजे!" सुभद्राबाई एकदम वळली. टोपलं कलंडलं. "जित्ता व्हता तो, मॅडम. मी पळत गेली. पार जवळ गेली. त्यानं दार उघडलं, मले पाह्यलं आन वरडाले लागला. मी घाबरली. पायच उचलेना. मंग भडका झाला."

"काय ओरडत होता?"

ती बांधापर्यंत गेली. तिथून परत आली.

"लाईव्ह, लाईव्ह. एकच शबूद. मले कुठी इंग्रजी येते? घरी जाऊन रुपालीले इचारलं. ती म्हने, लाईव्ह म्हंजे जिवंत." तिनं कलंडलेलं टोपलं सरळ केलं. "मी जिवंत हाये, जिवंत हाये, असं सांगून राह्यला व्हता पोरगा. आन मी नुसती उभी."

हिमानीचं लिहिणं थांबलं.

"हात हलवत होता का? कसे, ते करून दाखवता?"

सुभद्राबाईनं दोन्ही तळवे समोर धरले आणि कुणाला तरी मागं लोटावं तसे जोरजोरात हलवले. मग ते तसेच हवेत राहिले.

"आजी," हिमानी हळू म्हणाली, "ज्या तारेत वीज चालू असते, तिला इंग्रजीत लाईव्ह म्हणतात. ती तार विमानावर पडली होती. तो खाली उतरला असता तर शॉकनं गेला असता. तुम्ही विमानाला हात लावला असता तर तुम्हीही. तो तुम्हाला जवळ येऊ देत नव्हता."

सुभद्राबाई मटकन सरीतच बसली. हिमानीही तिच्याशेजारी ढेकळांत बसली. वही तिनं मिटून ठेवली होती.

सुभद्राबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्याच्या मायले सांगतलं का हे कोनी?"