रंगांच्या रांगेतली फट

सरांच्या मांडीवर कागद ठेवताना तिने तो आधी पालथा ठेवला. मग स्वतःचीच लाज वाटून सुलटा केला.

पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन खोलीभर दुधासारखं पसरलं होतं. निवृत्तीनंतर सरांचा दिवस या खिडकीजवळच्या खुर्चीतच जाई. ऐन तारुण्यात त्यांनी एका तारकागुच्छातले तारे रंगांप्रमाणे ओळीने मांडले होते, निळ्यापासून तांबड्यापर्यंत. पिवळ्याच्या जरा अलीकडे ओळ तुटत होती. त्या रंगाचा तारा त्या गुच्छात नव्हताच. ती फट पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

"त्या फटीवरच तर आमचं लग्न जमलं," काकू चहा ठेवत म्हणाल्या. "वडील म्हणाले, इतक्या लांबचं काय नाही ते ज्याला दिसतं, त्याला घरातलं हवं-नकोही दिसेल. कसलं काय!"

एरवी ती खळखळून हसली असती.

सरांनी भिंग उचलून कागदावरच्या ताऱ्यांच्या नव्या ओळीवर धरलं. निळे ठिपके, पांढरे ठिपके. भिंग सावकाश सरकत राहिलं.

"फट कुठाय गं?"

"नाहीये, सर. चाल गुच्छातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते, म्हणून तुम्ही काही तारे परके समजून वगळले होते ना? आम्ही नव्या दुर्बिणीने पुन्हा मोजले. ते जोडतारे निघाले. एकमेकांभोवती फिरतात, म्हणून चाल तशी दिसायची. आहेत याच गुच्छातले, आणि नेमके त्या फटीच्या रंगाचे."

"जोडीने चालायचं तर चाल थोडी वाकडी होणारच," काकू म्हणाल्या. दोघांचे चेहरे पाहून त्यांनी चहाचा कप जरा पुढे सरकवला.

पडदा फुगला, हळूच खाली बसला. उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते; त्यांच्याबरोबर आपणही जमीन सोडून वर चाललोय, असं तिला वाटलं. सर चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही नको म्हणालात, तर मी हे छापणार नाही."

"वेडी आहेस का?"

भिंग एकाच जागी थांबलं होतं. कपातल्या चहावर साय धरली.

"म्हणजे माणसं घरचीच होती," सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आणि मी त्यांना दारातून परत पाठवत राहिलो."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांनी भिंग बाजूला केलं, चष्माही काढला. आता त्यांना ठिपके नीट दिसत नसणार. तरी कागदावर वाकून, झोपलेल्या बाळाला लावावं तसं त्यांनी बोट टेकवलं.

"या," ते म्हणाले. "आत या."