तीन निकालांतला एक

“तिसरा पाठव,” बाबा म्हणाले, आणि थोरलीची वेणी मनगटाला गुंडाळून त्यांनी तिचं नाक लॅपटॉपला टेकवलं.

पडद्यावर तिचे तीन निकाल एकाखाली एक होते. अकराशे चाळीस, बाराशे साठ, तेराशे नव्वद. सोळाशे गुणांची एकच परीक्षा तीनदा दिलेली; त्यातला कुठला निकाल कॉलेजला पाठवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शेंबडं पोरही तिसऱ्यावर बोट ठेवेल.

थोरली पहिल्यावर अडून बसली होती.

“कारण?”

“त्या वेळी तुम्ही मारलं नव्हतं.”

बाबांना हसूच आलं. “तेच तर! लाड केले, अकराशे. पट्टा काढला, बाराशे. हात मोडला—”

“बोट.”

“—बोट मोडलं, तेराशे नव्वद. काय कळलं यातून?”

“की बोट डाव्या हाताचं होतं.”

बाबांनी कानाखाली अशी वाजवली की ती खुर्चीसकट आडवी झाली. स्वयंपाकघरात आईनं मिक्सर सुरू केला. तो सुरू असला की शेजारी काही ऐकू जात नसे. त्यात काही घातलेलं असायलाच हवं असं नव्हतं.

धाकटी दारात उभी होती. जाता जाता बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “पुढच्या वर्षी तुझा नंबर, टिल्ले. आता तर पद्धतच सापडलीय आपल्याला!”

धाकटीनं बर्फ आणला, थोरलीच्या फुटलेल्या ओठावर धरला.

“तायडे, पट्ट्यानं जास्त दुखलं होतं की बोटानं?”

“बोटानं. का गं?”

“असंच.”

“रडू नकोस, वेडाबाई.”

“नाही रडत.”

“हे बघ, मार्क मारानं नाही वाढले. दोन्ही वेळा ढोरासारखा अभ्यास केला मी. पण तेराशे नव्वदवर प्रवेश मिळाला ना, तर बाबा तो पट्टा फ्रेम करून भिंतीवर लावतील. मग तू संपलीस. अकराशेवर मिळाला तर त्यांचं तोंड बंद.”

“आणि नाहीच मिळाला तर?”

“तर मी संपले,” थोरली म्हणाली आणि तिनं पहिला निकाल पाठवून दिला.

संध्याकाळी बाबांना कळलं. आधी लॅपटॉप भिंतीवर फुटला, मग थोरली. ती जमिनीवर पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. मिक्सर जळाल्याचा वास घरभर पसरला. दवाखान्यात आईनं सांगितलं, जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या जिन्यावरून? आई म्हणाली, घरच्याच. त्यांचं घर तळमजल्यावर होतं.

कॉलेजच्या मुलाखतीला थोरली हात गळ्यात अडकवून गेली, आणि म्हणे सगळ्यांना हसवून आली.

प्रवेश मिळाला!

बाबांनी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. “म्हणजे न मारताही...” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पट्टा त्यांनी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि धाकटीला जवळ घेतलं. “तुझ्या अंगाला हात लावणार नाही मी. कधीच.” हॉस्टेलला निघताना थोरली इतकी खिदळत होती की खांद्यातून कळ आली.

बाबांनी शब्द पाळला. वर्षभर त्या घरात साधी कपबशी फुटली नाही.

धाकटीचा पहिला निकाल आला. अकराशे दहा. बाबा दूध घेऊन तिच्या खोलीत गेले. “हरकत नाही, बाळा. पुन्हा देऊ. जमेल तेवढं कर.”

धाकटीनं दुधाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं उठून दार आतून लावलं. डोळे भरून आले होते. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून हात त्यांच्यापुढे धरत ती म्हणाली,

“तायडीवर एवढी मेहनत घेतलीत, बाबा. माझ्यावर का नाही घेत?”