नळीतली हवा

उतारावर क्लच बसला, गिअर पडला नाही आणि दादा ट्रकसकट तलावात बुडाला. आदल्या दिवशी क्लचच्या नळीतली हवा मीच काढली होती. घाईघाईत; थोडी आत राहिली असणार, म्हणूनच क्लच बसला.

ट्रक बाहेर काढून महिना झाला. क्लचचे दोन्ही सिलिंडर बदलले, नळी नवी घातली, तरी पाय ठेवला की पेडल तळाला जातं. वीस वर्षं मिस्त्रीकाम करणारा मी, डोकं धरून बसायची वेळ आली. आज मी ट्रकखाली पाठीवर पडलो होतो आणि वहिनी केबिनमध्ये पेडल दाबत होत्या.

हवा काढायचं निपल सैल केलं की ऑइल खालच्या बाटलीत उतरायचं आणि त्यात बुडबुडे यायचे. संपतच नव्हते.

"राहू द्या, वहिनी. पाय काढा."

"मघाशीच काढलाय, भाऊजी."

बुडबुडे चालूच होते. थोडे यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. माझा श्वासही त्यांच्याच चालीवर चालायला लागला.

मी पाना लावून निपल गच्च आवळलं.

वर केबिनमध्ये कुणीतरी गुदमरायला लागलं.

"वहिनी!"

"मी नाही," वहिनी म्हणाल्या. "उघडा ते, भाऊजी. ह्यांना श्वास घेता येत नाहीये."